जेटमधली तार

चुन्याच्या भट्टीच्या फाटकापाशी मुकादमाने हात आडवा केला, तेव्हा वस्तादाने न पाहिल्यासारखं केलं आणि ट्रक दोन हात पुढे घेतला. मग मुकादमच बॉनेटसमोर येऊन उभा राहिला. आता थांबण्यावाचून इलाज नव्हता.

"उतरा आणि खाली वाकून बघा," मुकादम म्हणाला.

वस्ताद उतरला, पण वाकला नाही. बघण्यासारखं नवीन काही नव्हतंच. सकाळपासून केबिनमध्ये पेट्रोलचा वास कोंडला होता आणि खाणीपासून इथपर्यंत रस्त्याच्या मधोमध ओल्या ठिपक्यांची रांग पडत आली होती.

"गळतंय थोडं," तो म्हणाला. "वॉशर बसला की थांबेल."

"थोडं? अहो, धार लागायची बाकी आहे. आणि समोर काय पेटलंय, दिसतंय ना? तुम्हाला वर जायची घाई असेल तर खुशाल जा. माझी तीस माणसं कशाला बरोबर नेता?"

दगड फोडणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. या माणसांसमोर आपल्याशी कुणी असं बोललेलं वस्तादाला आठवत नव्हतं. हा ट्रक त्याने लिलावात घेतला तेव्हा चाकं सोडली तर त्यात काही धड नव्हतं. त्याने तो स्वतःच्या हाताने उभा केला आणि चाळीस वर्षं चालवला. आसपासच्या निम्म्या ड्रायव्हरांनी पहिला पाना त्याच्यासमोर हातात धरला होता. वस्ताद हे नाव त्याला असं मिळालेलं, आणि ते त्याला आवडायचं. खरं सांगायचं तर जरा जास्तच आवडायचं.

चुनखडीचा दगड फाटकाबाहेरच उतरवावा लागला. तिथून भट्टीच्या तोंडापर्यंत तो डोक्यावरून न्यायचा. पाट्या घेऊन जी माणसं आली त्यांत वस्तादाचा मुलगाही होता. त्याचं रोजचं काम बसून दगड फोडण्याचं, कारण त्याचा डावा पाय घोट्यापासून आत वळलेला होता. पण आज माणसं कमी पडली म्हणून मुकादमाने त्यालाही उठवलं. एक पाय टेकत, एक ओढत त्याने अकरा खेपा केल्या. वस्ताद ट्रकचा मागचा फाळका धरून उभा राहिला आणि प्रत्येक खेपेला दुसरीकडे बघत राहिला.

"परवा सकाळी गाडी नीट करून आणा," शेवटी मुकादम म्हणाला. "भट्टी पेटली की तिला महिनाभर दगड लागतो. ती काही तुमच्यासाठी उपाशी राहणार नाही. परवा नाही आलात तर दुसरी गाडी सांगणार. मग माझ्या नावाने बोटं मोडू नका."

घरी येताना उतार होता. वस्तादाने इंजिन बंद करून ट्रक तसाच सोडला. मुलगा शेजारी बसून पाय चोळत होता.

"कार्बोरेटरच आहे, आबा," तो म्हणाला. "फ्लोटच्या पोकळ डबीत पेट्रोल शिरून ती बुडत असणार, म्हणून गळतंय. घरी गेल्यावर उघडू. मी उघडतो."

वस्तादाचा पाय उगीचच ब्रेकवर गेला. कारण त्या कार्बोरेटरच्या आत, मोठ्या जेटच्या भोकात, तांब्याची एक तार होती, आणि ती तिथे आहे हे जगात फक्त त्याला माहीत होतं.

जेट म्हणजे पितळेचा नखाएवढा स्क्रू. त्याच्या मधोमध आरपार बारीक भोक असतं आणि इंजिनाला लागणारं पेट्रोल तेवढ्याच वाटेने येतं. त्या भोकात वायरीतला एक धागा घालून ठेवला की वाट अरुंद होते आणि गाडी कमी पेट्रोल खाते. जुन्या ड्रायव्हरांची ही युक्ती. सपाट रस्त्याला ती खपून जाते. भरल्या गाडीने चढाला लागलं, की मात्र इंजिनाला पेट्रोल पुरत नाही. ते खोकतं आणि बंद पडतं. वस्तादाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण तेव्हा त्याचा ट्रक सपाटीवर विटा वाहत होता, आणि चहाच्या टपरीवर "माझी गाडी नुसत्या वासावर चालते" असं म्हणायला त्याला मजा यायची. पुढे खाणीचं काम मिळालं. तार रविवारी काढू म्हणता म्हणता राहिली.

दोन वर्षांपूर्वी, भट्टीच्या हंगामातच, मुलगा भरलेला ट्रक घेऊन भट्टीची चढण चढत होता. वस्ताद वर भट्टीपाशी दहावीस माणसांत उभा होता. त्याने इंजिनाचा तो खोकला ऐकला आणि त्याच क्षणी त्याला तार आठवली. ट्रक बंद पडला. ब्रेक धरेनात. गाडी मागे जाऊ लागली, आणि खाली खाणीच्या तोंडाशी बाया काम करत होत्या. मुलाने स्टेअरिंग फिरवून ट्रक दरडीवर घातला, आणि उडी मारताना त्याचा पाय दरड आणि मडगार्ड यांच्यामध्ये सापडला. वरचे लोक ओरडत पळाले. "काय झालं, काय झालं?" म्हणून कुणीतरी विचारलं, आणि वस्तादाच्या तोंडून निघून गेलं, "गिअर चुकला त्याचा."

नुसतं निघून गेलं, इतकंच. पण चार लोकांत बोललेलं परत गिळता येत नाही. दवाखान्यात लोक भेटायला आले, त्यांनाही तेच सांगावं लागलं. मुलगा शुद्धीवर आल्यावर त्यालाही तेच सांगितलं, आणि त्याने ते मान्य केलं. वस्ताद म्हणतोय म्हणजे चुकलाच असणार. त्यानंतर त्याने स्टेअरिंगला हात लावला नाही.

आणि वस्तादाने तार काढली नाही. हीच या माणसाची खरी शिक्षा होती, आणि ती त्याने स्वतःच स्वतःला दिली होती. तार काढली आणि ट्रक झरझर चढायला लागला, तर लोक विचारतील, आता कसा चढतो? म्हणून दोन वर्षं तो निम्मा माल भरून, पहिल्या गिअरमध्ये, गोगलगाईच्या चालीने चढण चढत होता आणि "गाडी म्हातारी झाली" म्हणत होता.

घरी आल्यावर सुनेने अंगणात पाणी ठेवलं. जेवणं झाली. मुलाने रॉकेलची बाटली, पाना आणि डिसमिस आणून ओट्यावर मांडलं.

"राहू दे," वस्ताद म्हणाला. "उघडायला नको. नवाच घेऊ."

मुलाने वर पाहिलं. सून उष्टी ताटं घेऊन आत चालली होती, तीही थबकली. या घरात आजवर वाकडा खिळासुद्धा कुणी फेकलेला नव्हता. वस्ताद तो ठोकून सरळ करायचा आणि डब्यात ठेवायचा.

"नवा?" मुलगा म्हणाला. "अहो, नुसता कीट आणला तरी भागेल. सुई, वॉशर, गॅस्केट. फ्लोटला कथलाचा डाग दिला की झालं."

"जुना झाला तो. किती दिवस डाग देत बसायचं?"

"बॉडी तर चांगली आहे. मी उघडून बघतो आधी, मग ठरवू."

"बघायचं काही नाही. शहरात आपला गॅरेजवाला आहे, जुना घेऊन नवा देतो. मी उद्या जातो."

"आणि पैसे?"

पैसे होते. आतल्या फळीवर डब्यात होते, आणि ते कशाचे आहेत हे तिघांनाही माहीत होतं. डॉक्टरांनी मुलाच्या पायासाठी उंच तळव्याचा बूट करून घ्यायला सांगितलं होतं. त्या बुटाने पाऊल सरळ टेकलं असतं, पाठ दुखायची थांबली असती. क्लचसुद्धा दाबता येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. सुनेने दीड वर्ष त्या डब्यात थोडे थोडे टाकले होते.

"बूट पुढच्या हंगामात करू," वस्ताद म्हणाला. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. "गाडीच बसली तर बूट घालून जाणार कुठे?"

मुलगा थोडा वेळ हातातला पाना फिरवत बसला. "तुम्ही म्हणाल तसं," तो म्हणाला. पाना, डिसमिस आणि बाटली त्याने एकेक करून परत आत नेली. त्याने भांडण केलं असतं तर वस्तादाला बरं वाटलं असतं. सून मात्र दारात उभी राहून सासऱ्याकडे बघत होती. डबा आणून तिने त्याच्यासमोर ठेवला तेव्हा तो जमिनीवर जरा जोरात आपटला.

सकाळी वस्तादाने बॉनेट उघडून कार्बोरेटर काढला. नट डोळ्यांनी नव्हे, बोटांनीच शोधावे लागले. एका डोळ्यात मोतीबिंदू वाढला होता आणि दुसऱ्यालाही धूसर दिसायचं. कार्बोरेटर जुन्या सदऱ्यात गुंडाळून त्याने काखेत मारला आणि बस पकडली. सगळ्या वाटेत तो मांडीवर ठेवून त्यावर दोन्ही हात ठेवून बसला होता. शेजारच्या बाईला वाटलं काहीतरी मौल्यवान आहे, आणि ती जरा सरकून बसली.

गॅरेजवाला त्याचाच शिष्य. त्याने खुर्ची पुसून दिली, चहा मागवला आणि खोक्यातून नवा कार्बोरेटर काढून वस्तादाच्या हातात ठेवला. हातात धरल्यावर तो अगदीच हलका लागला.

"मूळ कंपनीचा नाही," गॅरेजवाला म्हणाला, "पण बसतो. चढाला किंचित कमी पडेल. पण तुमच्या गाडीला तसाही चढ कुठे झेपतो? गोगलगाय म्हणतात तिला, ठाऊक आहे ना?" तो हसला. "राग मानू नका, वस्ताद."

"नाही," वस्ताद म्हणाला.

"आणि पोराचं कसं चाललंय? दगडच फोडतोय? काय करणार. गाडी चालवायला हात लागतो. तुमच्या घरात जन्मून सुद्धा ज्याला यायचं नाही त्याला येतच नाही. भर चढणीत गिअर चुकायचा म्हणजे..." त्याने जीभ चुकचुकवली आणि सदऱ्याची गाठ सोडायला हात घातला. "आणा, आत बघू द्या. पितळ चांगलं असलं तर तेवढे कमी करतो."

वस्तादाने त्याच्या हातावर हात ठेवला. गॅरेजवाल्याचं एकही वाक्य स्वतःच्या पदरचं नव्हतं. सगळी वस्तादाचीच होती. कुठल्या कुठे पोचली होती ती, बसचं तिकीट काढून यावं लागतं इतक्या लांब.

खिशात डब्यातले पैसे होते. हात खिशात गेला आणि तिथेच राहिला.

"कीट दे," तो म्हणाला. "नुसता कीट."

यात त्याचा फार मोठेपणा होता असं समजायचं कारण नाही. परतीच्या बसमध्ये त्याने मनाशी हिशेब जुळवला होता तो असा: मुलगा संध्याकाळपर्यंत भट्टीवर असतो. दुपारी घरी पोचायचं, कार्बोरेटर आपणच उघडायचा, तार काढून चुलीत टाकायची. मग मुलाला म्हणायचं, घे, तुझंच खरं, दुरुस्त कर. बूटही वाचला आणि तोंडही वाचलं.

घरी आला तेव्हा ऊन अंगणाच्या मध्यावर होतं. सून दारातल्या उजेडात बसून नवऱ्याच्या पँटला ठिगळ लावत होती. वस्तादाने ओट्यावर परात घेतली, स्क्रू सोडले, वरचं झाकण उचललं. फ्लोट हलवला तर आत पेट्रोल डुचमळलं. मुलगा बरोबर बोलला होता. जेट हाताला लागला तसा त्याने डिसमिस लावून तो फिरवला आणि तळहातावर घेतला.

आणि त्याला भोकच दिसेना.

त्याने जेट उजेडाकडे धरला, डोळ्याजवळ आणला, लांब नेला. पिवळा ठिपका दिसायचा, बस. नखाने चाचपलं तर तारेचं टोक आहे की पितळेचा कंगोरा, ते कळेना. ज्या बोटांनी त्याने ती तार एका फटक्यात ओवली होती, त्यांना आता जेटही नीट धरता येईना. जेट निसटला, परातीच्या काठावर टणकन आपटला आणि घरंगळत ओट्याखाली गेला. वस्ताद गुडघ्यांवर बसून जमीन चाचपडू लागला.

"थांबा, आबा." सुनेने ठिगळ बाजूला ठेवलं, खाली वाकून जेट उचलला आणि फुंकर मारली. "हे का? काय बघायचंय यात?"

"काही नाही. आण इकडे."

"तुम्हाला दिसत नाही, मला दिसतंय. सांगा." तिने तो उजेडाकडे धरला. "भोकात काहीतरी आहे. केस... नाही, तार आहे बारीक."

"ओढून काढ."

तिने हातातल्या सुईच्या टोकाने वाकलेला आकडा सरळ केला आणि तार ओढली. तिच्या चिमटीत ती चमकली. बोटभरही लांब नव्हती.

"कचरा अडकला होता," वस्ताद म्हणाला. "टाक चुलीत."

"कचरा असा आकडा करून बसतो?"

दुपारची वेळ, घरात दुसरं कुणी नाही, आणि ही सून कधी फाजील प्रश्न विचारणारी नव्हती. तिने विचारलं की उत्तर द्यावंच लागायचं. त्याने सांगितलं. तार का घातली, केव्हा घातली, चढणीवर इंजिन का खोकलं. गिअरचं काय म्हणालो तेही. सांगायला फार वेळ लागला नाही. दोन वर्षं छातीवर घेऊन फिरलेली गोष्ट इतकी थोडक्यात संपते याचं त्यालाच नवल वाटलं.

सून ऐकत होती. तिने रडारड केली नाही. ती त्या तारेकडे बघत राहिली.

"ते झोपेत क्लच दाबतात," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे? रोज. तो वाकडा पाय झोपेत दाबतात आणि हात असा ओढतात, गिअर टाकल्यासारखा. मग जागे होतात आणि मला विचारतात, कुठे चुकलो असेन गं मी? मी काय सांगणार? मला गाडीतलं काय कळतं?"

"त्याला सांगू नकोस," वस्ताद म्हणाला. "पोरी, तुझ्या पाया पडतो."

"मी कशाला सांगू? मी घातली का?"

तिने तार दोन बोटांत धरली, जेट उजेडाकडे केला, आणि सुईत दोरा ओवावा तशी ती तार परत भोकात ओवली. सुईने आकडा पहिल्यासारखा वाकवला. जेट धरून तिने परातीत एकेक भाग ओळीने मांडला.

"होतं तसं ठेवलंय," ती म्हणाली. "सहा वाजता ते येतील आणि दुरुस्तीला बसतील. तुम्ही समोर बसा."

मग तिने पँट उचलली आणि पुन्हा टाके घालू लागली.

वस्तादाला जेट उचलून विहिरीत टाकता आला असता. तसं त्याच्या मनात येऊनही गेलं. पण सून दारातून हलली नाही.

मुलगा आला. अंगावर पांढरी धूळ, पापण्यांवर चुना. ओट्यावर कीट बघून त्याच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते वस्तादाला बघवत नव्हतं. लहानपणी बाजारातून काही आणलं की यायचं तेच. "नवा नाही घेतला?" त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता हातपाय धुऊन परातीसमोर बसला. पाय त्याने बाजूला, दोन्ही हातांनी उचलून ठेवला.

आधी त्याने फ्लोट गरम पाण्यात बुडवला. सांध्यातून बुडबुड्यांची बारीक साखळी वर आली. "ही बघा आबा, इथे फुटलाय," तो म्हणाला. त्यातलं पेट्रोल उडून जाईपर्यंत त्याने वाट पाहिली, जागा घासली, आणि डाग दिला. नेमका, थेंबभर. हे त्याला कुणी शिकवलं होतं ते वस्तादाला आठवलं. मग सुई बदलली. जुने वॉशर खरवडून काढले. बाकीचे भाग रॉकेलमध्ये टाकून तो एकेक ब्रशने धुऊ लागला. वस्ताद समोर बसून बघत होता, आणि परातीतले भाग कमी कमी होत होते.

मुलाने जेट उचलला. झटकला. तोंडाजवळ नेला, फुंकायला.

"थांब," वस्ताद म्हणाला. "त्यात तार आहे."

"कसली तार?"

"मी घातलेली. पेट्रोल वाचावं म्हणून. विटांच्या वेळची. तू चढणीवर होतास तेव्हा ती आत होती. मी विसरलो होतो काढायला. गाडी त्यामुळे बंद पडली. तुझा गिअर चुकला नव्हता."

मुलाने जेट आभाळाकडे धरला. उजेड अजून होता. तो बराच वेळ एक डोळा मिटून बघत राहिला.

"तुम्हाला कधी कळलं?"

"खोकला ऐकला तेव्हाच."

"म्हणजे मी दरडीपाशी पडलो होतो तेव्हा?"

"त्याच्या आधी."

सून आतून बाहेर आली नव्हती, पण भांड्यांचा आवाज थांबला होता. वस्ताद वाट बघत होता. परात अंगावर येईल, शिवी येईल, काहीही येईल. मुलगा जेटवर वाकला. त्याने तार काढली, परातीच्या काठावर ठेवली, जेट धुतला, फुंकला, पुन्हा उजेडाला धरला आणि जागच्या जागी बसवला. गॅस्केट घातलं. स्क्रू आळीपाळीने आवळले, समोरासमोरचे, शिकवल्याप्रमाणे. पाना पुसला. उठताना वस्तादाने आधाराला हात पुढे केला, तो त्याने घेतला नाही.

सकाळी तो आधी उठून ट्रकपाशी गेला होता. जुन्या टायरचे दोन तुकडे कापून त्याने ते क्लचच्या पायपट्टीवर तारेने बांधले, म्हणजे वाकडं पाऊल पोचेल. कार्बोरेटर चढवला. वस्ताद बाहेर आला तेव्हा तो ड्रायव्हरच्या जागेवर बसलेला होता.

"मी चालवतो," तो म्हणाला.

वस्ताद दुसऱ्या बाजूने चढला. त्या जागेवर तो आजवर कधी बसला नव्हता. दार कसं लावायचं तेही त्याला लवकर समजेना.

खाणीत हौदा पूर्ण भरला. वस्ताद "निम्माच" म्हणणार होता, पण गप्प बसला. चढण सुरू झाली तसं मुलाने दुसरा गिअर टाकला. क्लच दाबताना त्याचे दात एकमेकांवर घट्ट बसलेले दिसत होते, कपाळावर घाम होता. इंजिन भरल्या आवाजात ओढत होतं. दरडीवरचा तो घासलेला भाग आला. मुलाने मान वळवली नाही. वस्तादाचे पाय आपोआप आवळले गेले, इंजिनाचा तो खोकला ऐकायला कान टवकारले. खोकला आला नाही. ट्रक त्याच चालीने दरडीपुढून गेला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा चढण संपायच्या आत संपल्यासारखी वाटली. मुलाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

फाटकात मुकादमाने वाकून खाली पाहिलं. रस्ता कोरडा होता. "शाब्बास," तो म्हणाला, मग स्टेअरिंगवर कोण आहे ते बघून थांबला. "अरे, तू? आणि भरून आणलीस? वस्ताद, काय जादू केलीत?"

बाया गोळा झाल्या. भट्टीवरून दोघं-तिघं खाली आले. मुलाने इंजिन बंद केलं. तो बापाकडे न बघता समोरच्या काचेतून बोलला.

"तुम्ही इथेच उभे होतात ना तेव्हा? इथेच सांगितलंत. आता हेही इथेच सांगा."

वस्ताद उतरला. दाराला धरूनच तो उभा राहिला. त्याने सांगितलं. खाली बघून, भरभर सांगितलं. जेट, तार, विटा, रविवार. पोराचा गिअर चुकला नव्हता असं म्हणाला. चूक माझी आणि खोटंही मीच बोललो असंही म्हणाला.

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. मग मुकादमाने मान हलवली.

"जाऊ द्या हो. किती जुनी गोष्ट. यंत्राचं काय, व्हायचंच. आम्ही तर विसरलोही होतो." तो बायांकडे वळला. "चला, दगड उतरवा. भट्टी थांबलीय."

बाया पाट्या उचलायला निघाल्या. एकीने पुटपुटत दुसरीला विचारलं, म्हातारा काय म्हणत होता? दुसरीने खांदे उडवले. वस्तादाला हलकं वाटू लागलं होतं. इतकंच तर होतं. झालं. तो वळून केबिनकडे जाऊ लागला.

मुलगा दार उघडून खाली उतरला. आधी चांगला पाय टेकला, मग वाकडा, आणि ट्रकच्या पुढे येऊन वाटेत उभा राहिला.

"आबा, परत सांगा," तो म्हणाला. "मागच्यांना ऐकू गेलं नाही."

बाया थांबल्या. मुकादमही थांबला. वस्तादाने लेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग तो माणसांकडे वळला, मान वर केली आणि पहिल्यापासून सांगायला लागला.